बीएस ६ दहाचाकी : ईजीआर व्हॉल्व्ह बदलला तरी घाटात कोड परत येतोय

दहाचाकी
राम राम मंडळी. गाडी बीएस ६ (नव्या प्रदूषण नियमाची), दहाचाकी, सहा सिलिंडर. जाताना साखर घेऊन रत्नागिरी-जयगडकडं, येताना चिरा (जांभा दगड). येताना साखरपा सुटलं आणि आंबा घाटाची चढण लागली की चेक लाईट पेटती आणि पिकअप बसतो. वर आंब्यात चहाला थांबून गाडी बंद-चालू केली की थोडा वेळ बरी चालती. पुढं मलकापूर, बांबवडे, सपाटीला काही त्रास नाही.
कोड : एसपीएन (दोष कशात) २६५९, एफएमआय (दोष कसला) १८. वर्कशॉपवाल्यांनी ‘ईजीआरचा (जळालेला वायू परत इंजिनात सोडणाऱ्या यंत्रणेचा) कोड आहे’ म्हणून व्हॉल्व्ह नवीन बसवला. बिल भरलं, पुढच्याच फेरीला त्याच चढणीवर तोच कोड. आता म्हणतात ईजीआरचा कूलर (तो वायू थंड करणारा) बदला, नाहीतर टर्बो बघू. ज्याचा त्याचा अंदाज आणि पैसे माझे.
धूर अजिबात नाही, सायलेन्सर आतनं स्वच्छ. मात्र रिजन (फिल्टरमधली काजळी जाळणं) सारखं मागायला लागलीय आणि एव्हरेज पण खाली आलाय. हंगाम तोंडावर हाय, गाडी उभी ठेवून परवडत नाही. कुणी असला प्रकार बघितलाय का?

घाटकरी
सेम टू सेम भावा. माझी गगनबावड्याच्या चढाला असंच करत होती. शेवटी काय निघालं ते मालकालाच ठाऊक, मी फक्त स्टेअरिंग धरतो. वाचायला बसलोय.

सव्वाशेर
कशाला डोकं लावताय? ईजीआरच्या तोंडाला पत्र्याची प्लेट ठोका, विषय संपला. आमच्या जुन्या बीएस ४ ला मारलीय, पीयूसीत पण पास होती.

उद्यमनगरचा मेस्त्री
दहाचाकी, आधी कोड नीट वाचू. एसपीएन २६५९ म्हणजे ईजीआरमधनं जाणाऱ्या वायूचं वजन, मास फ्लो. एफएमआय १८ म्हणजे आकडा पाहिजे त्यापेक्षा कमी दिसतोय, मध्यम गंभीर. ह्यात व्हॉल्व्ह खराब आहे असं कुठं लिहिलंय? व्हॉल्व्ह कार्बननं अडकला असता तर २७९१ ला एफएमआय ७ पडला असता, म्हणजे हुकूम दिला तसा हलत नाही. त्याची वायर तुटली तर एफएमआय ५, व्होल्टेज जास्त दिसलं तर ३, कमी दिसलं तर ४. व्हॉल्व्हच्या पोझिशनचा नंबर २७, डेल्टा पी चा (दाबातला फरक मोजणाऱ्या सेन्सरचा) ४११, ईजीआरच्या तापमानाचा ४१२. एवढे पाच नंबर गॅरेजच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवले तरी निम्मे व्हॉल्व्ह वाचतात.
मोठ्या इंजिनात वायू आत जातो तो दाबाच्या फरकावर. एक्झॉस्टचा दाब इनटेकच्या बूस्टपेक्षा (टर्बोनं भरलेल्या हवेच्या दाबापेक्षा) जास्त असला तरच तो तिकडं वळणार. त्यासाठी बऱ्याच इंजिनांत व्हीजीटी (पाती हलवता येणाऱ्या) टर्बोची पाती मिटवून मागं दाब तयार करतात. म्हणजे ‘फ्लो कमी’ ह्या एका ओळीमागं व्हॉल्व्ह अडकलेला, कूलर कार्बननं भरलेला, टर्बोची पाती जाम, पाइप फुटलेला किंवा मोजणारा सेन्सरच आंधळा, ह्यातलं काहीही असू शकतं. वर्कशॉपनं त्यातलं सगळ्यात खोलायला सोपं तेवढं बदललं.
जुना व्हॉल्व्ह परत दिला का तुम्हाला? दिला असला तर त्याच्या आतला फोटो टाका.

ऑटो_सर
मेस्त्रींनी पाया घातला आहे, मी एकच गोष्ट पुढे नेतो. दहाचाकी यांच्या पोस्टमधली दोन लक्षणं एकमेकांशी भांडत आहेत.
ईजीआरचं काम ज्वलनाचं तापमान खाली आणणं. वापरलेला वायू परत सिलिंडरमध्ये गेला की ऑक्सिजनचं प्रमाण घटतं, ज्वाला थंडावते आणि नॉक्स (नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड) कमी तयार होतात. अवजड इंजिनांना बीएस ४ मध्ये नॉक्सची मर्यादा किलोवॅट-तासाला ३.५ ग्रॅम होती. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ आलं आणि ट्रान्झियंट (बदलत्या लोडच्या) चाचणीत ती ०.४६ ग्रॅमवर आली. म्हणून आता बऱ्याच गाड्यांत ईजीआर आणि युरियावालं एससीआर (सायलेन्सरकडच्या वाटेवर नॉक्स मारणारी यंत्रणा) दोन्ही असतात. ईजीआर इंजिनात नॉक्स कमी करतं, उरलेला एससीआर मारतं.
ह्याची दुसरी बाजू अशी की ईजीआर वाढलं की काजळी वाढते.
आता कोड म्हणतोय वायू कमी जातोय. ते खरं असतं तर ज्वलन जास्त गरम झालं असतं, नॉक्स वाढला असता, डीईएफ (एससीआरला लागणारं युरियाचं द्रावण) जास्त गेलं असतं आणि काजळी उलट घटली असती. तुमची गाडी मात्र वरचेवर रिजन मागते, म्हणजे डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) काजळीनं लवकर भरतोय. म्हणजे एकतर वायू प्रत्यक्षात भरपूर जातोय आणि मोजणारा चुकतोय, नाहीतर काजळीचं मूळ आणखी कुठेतरी आहे. दोन्हीही असू शकतं.
‘धूर नाही’ यावर समाधान मानू नका. डीपीएफ शाबूत असेल तर बीएस ६ च्या शेपटीतून काळा धूर दिसायचाच नाही, तो सगळा आत गिळतो. जुन्या गाडीत जो धूर डोळ्यांना दिसायचा तो आता रिजनच्या हिशोबात दिसतो.
डीईएफचं काही लिहिलं नाहीत. वाढलंय की कमी झालंय?

दहाचाकी
सर, डीईएफ वाढलेलं नाही. ड्रायव्हर तर म्हणतोय पहिल्यापेक्षा जरा कमीच लागतंय. मी ती चांगली बातमी समजत होतो.
मेस्त्री, जुना व्हॉल्व्ह मागून घेतलाय. कार्बन आहे, पण कोरडा. हातानं फ्लॅप नीट बसतोय. फोटो मोबाईलवरनं चढत नाही, रेंज नाही.

उद्यमनगरचा मेस्त्री
कोरडा कार्बन म्हणजे नॉर्मल. चिकट, ओला, तेलकट किंवा पांढरट राप दिसला असता तर कूलंट नाहीतर तेल आत येतंय म्हणून घाबरलो असतो. तो व्हॉल्व्ह फेकू नका, बहुतेक चांगलाच आहे.

सव्वाशेर
एवढं नॉक्स-फॉक्स कोण बघतंय? माझ्या प्लेटबद्दल कुणी बोललं नाही. गाडी पळती, डिझेल कमी खाती, अजून काय पाहिजे?

ऑटो_सर
बोलतो. तुमची बीएस ४ पीयूसीत पास होते कारण डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराची घनता बघतात, नॉक्स मोजतच नाहीत. प्लेट मारल्यावर काजळी कमी होते, म्हणजे पीयूसी उलट चांगली येते. त्या कागदावरून गाडी नियमात आहे असं ठरत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकानं दिलेल्या रचनेत असा बदल करता येत नाही.
हा धागा मात्र बीएस ६ चा आहे, तिथे प्लेट चालतच नाही. ईसीयू (इंजिनचा संगणक) व्हॉल्व्हचा हुकूम, पोझिशन, फ्लो, तापमान, पुढे नॉक्स सेन्सर, सगळं एकमेकांशी ताडून पाहतो. वाट अडवली की आधी दिवा, मग टॉर्क कापला जातो आणि तरीही दुर्लक्ष केलं तर गाडी ताशी २० किलोमीटरवर येते. चिऱ्यानं भरलेली गाडी त्या वेगानं घाटात चढवून बघा.

घाटकरी
त्या वेगानं आमचा मालक पण चालत येऊन पोचेल. :)

सव्वाशेर
बरं बाबा. बीएस ४ पुरतं माझं म्हणणं कायम.

कागलवाला (ऑटो इलेक्ट्रिशियन)
मध्येच घुसतो. पाच व्होल्ट रेफरन्सची (सेन्सरांना वीज देणारी) लाईन बघितली का? एकाच लाईनीवर दोन-तीन सेन्सर असतात. एक आतनं शॉर्ट झाला की सगळेच खोटं बोलतात आणि एका दमात तीन-चार कोड पडतात. तसं असलं तर एकेक कपलर काढत जायचं. ज्याचा काढल्यावर पाच व्होल्ट परत येतात तो गुन्हेगार. अर्थिंग पण इंजिन चालू ठेवून मोजा, बॅटरीच्या निगेटिव्हपासून सेन्सरच्या अर्थपर्यंत ०.१ व्होल्टच्या वर पडायला नको. आणि नुसत्या मल्टीमीटरवर भरवसा ठेवू नका. एका तारेवर लटकलेली वायर पण मीटरला पूर्ण व्होल्ट दाखवती. जाड वायर असली तर २१ वॅटचा बल्ब लावून बघायचा, लोड आला की तिची लायकी कळती. सेन्सरच्या बारीक वायरीला मात्र हा प्रयोग करू नका, ईसीयू जाईल.
दहाचाकींना एकच कोड येतोय म्हणजे वायरिंगची शक्यता कमी, पण कपलर उघडून पाणी आणि हिरवा राप बघायला पैसे पडत नाहीत. शाहूवाडी भागात पाऊस कसा असतो माहितीय ना.

उद्यमनगरचा मेस्त्री
कागलवाल्यांचं बरोबर. दहाचाकी, आता असं करा. हुकूम देता येतो असा स्कॅनर पाहिजे, नुसता कोड वाचणारा नको. शिरोलीत, उद्यमनगरात चार-दोघांकडं आहे. त्याच्यापुढं बसून आकडे स्वतः लिहून घ्या.
पहिलं, चावी ऑन, इंजिन बंद. डेल्टा पी किती दाखवतो? वारा वाहत नाही म्हणजे शून्याच्या आसपास पाहिजे.
दुसरं, इंजिन बंदच. व्हॉल्व्हला ०, २५, ५०, ७५ टक्के हुकूम द्या आणि पोझिशन बरोबर येते का बघा. नवीन व्हॉल्व्ह आहे, येईलच.
तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. इंजिन पूर्ण गरम करा, १५०० आरपीएमला धरा. व्हॉल्व्ह आधी बंद, मग ५० टक्के उघडा. ह्या वेळी तीन आकडे एकत्र बघायचे : डेल्टा पी, ईजीआरचं तापमान आणि इनटेक मॅनिफोल्डचं तापमान.
तुमच्या इंजिनाला डेल्टा पी आहे, म्हणून हे सांगतोय. सगळ्या इंजिनांना तो नसतो, काही ठिकाणी एअर मास सेन्सरवरनं हिशोब करतात.

दहाचाकी
शिरोलीला जाऊन आलो. लिहून आणलंय.
चावी ऑन, इंजिन बंद : डेल्टा पी ०.४ किलोपास्कल.
व्हॉल्व्हचा हुकूम आणि पोझिशन : चारी ठिकाणी जुळतंय, एक-दीड टक्का इकडं-तिकडं.
१५०० ला व्हॉल्व्ह बंद असताना ईजीआर तापमान ७९, मॅनिफोल्ड ४०, डेल्टा पी ०.४.
५० टक्के उघडल्यावर ईजीआर तापमान चढत चढत १०८, मॅनिफोल्ड ५३. डेल्टा पी हळूहळू ०.९ पर्यंत गेला आणि तिथंच बसला. व्हॉल्व्ह बंद केला तर लगेच खाली पण येईना, रेंगाळत आला.
इंजिनचा आवाज उघडल्यावर जरा जड झाला, हे मला कानाला पण कळलं.
स्कॅनरवाला म्हणाला चालवताना पण बघू, म्हणून हायवेला तावडे हॉटेलपर्यंत रिकामी फिरवली. ईसीयू व्हॉल्व्ह ८०-९० टक्के उघडा ठेवत होता.

ऑटो_सर
उत्तर तुमच्याच वहीत आहे.
व्हॉल्व्ह उघडल्यावर कूलरच्या पुढचं तापमान २९ अंशांनी आणि मॅनिफोल्डचं १३ अंशांनी चढलं. वायू आलाच नसता तर हे तापलं कशानं? इंजिनचा आवाज जड झाला तो त्याच वायूमुळे. म्हणजे वायू जातोय. डेल्टा पी तेवढा ते मानायला तयार नाही आणि जे मानतो तेही उशिरा.
मग ईसीयू काय करतो? त्याला फ्लो कमी दिसतो, म्हणून व्हॉल्व्ह आणखी उघडतो. तरी आकडा वाढत नाही, आणखी उघडतो. इंजिनात ईजीआर गरजेपेक्षा जास्त, नॉक्स कमी, म्हणून डीईएफ कमी. काजळी जास्त, म्हणून रिजन. शेवटी घाटात लोड आल्यावर, जिथे ही तपासणी पुरी होते तिथे, तो हात टेकतो आणि कोड टाकतो. व्हॉल्व्ह बिचारा पहिल्यापासून हुकमाचा ताबेदार होता.
चावी ऑन असताना शून्याजवळ आकडा आला म्हणून सेन्सरला क्लीन चिट देऊ नका. भोक बुजलेला सेन्सर स्थिर हवेत शून्यच दाखवेल. तो पकडायचा तर वायू हलवूनच. मेस्त्री, बरोबर?

उद्यमनगरचा मेस्त्री
शंभर टक्के. सर वर्गात शिकवतात आणि आम्ही ग्रीस लावून शिकतो, पण गाठ एकच सुटली.
दहाचाकी, आता सेन्सर काढा. दोन बोल्ट असतील. खाली व्हेंच्युरीला (पाइपाच्या अरुंद भागाला) दोन बारीक भोकं दिसतील, त्यातनं सेन्सरला दाब कळतो. काजळी आणि पाण्याचा अंश एकत्र आला की तीच आधी बुजतात. गाडी थंड असताना थोडं चालवून बंद करणाऱ्यांच्या आणि तासन् तास आयडलिंगवर ठेवणाऱ्यांच्या लवकर बुजतात. हंगामात कारखान्याच्या गेटबाहेर रांगेत इंजिन फुरफुरत ठेवणारे हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी.
दोन गोष्टी करू नका. एक, सेन्सरच्या तोंडात कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही. आत पातळ पडदा असतो, एका फुंकीत जातो. दोन, सेन्सर जाग्यावर ठेवून भोकात तार खुपसायची नाही. सेन्सर काढा, मऊ तारेनं घाण बाहेर ओढा, आत ढकलू नका, मग कार्बन क्लीनर आणि कोरडं फडकं.
सेन्सर जिवंत आहे का बघायचं असलं तर कपलर लावलेला ठेवा, चावी ऑन, एका तोंडाला स्वच्छ रबरी नळी लावून तोंडानं हलकं फुंका. आकडा उडी मारून वर गेला आणि सोडल्यावर लगेच शून्यावर आला की सेन्सर ठीक.

दहाचाकी
खोलला. मेस्त्री, एक भोक अर्धं उघडं होतं आणि दुसरं, वरच्या बाजूचं, गच्च. काडेपेटीच्या काडीएवढं भोक, त्यात ओल्या मशेरीसारखी काळी पेस्ट. तार फिरवली तर वातीसारखा अख्खा तुकडा निघाला. सेन्सरला फुंकून बघितलं, आकडा टणकन उडतोय आणि परत येतोय.
भोकं साफ करून, सेन्सरचं पॅकिंग नवीन घालून तीच टेस्ट परत केली. १५०० ला ५० टक्के उघडल्यावर डेल्टा पी आता ३.८ ला जातो, बंद केला की झटक्यात खाली. रिकामी फिरवली तेव्हा ईसीयू पण व्हॉल्व्ह जास्त उघडत नाही.
कोड क्लिअर केलाय. आता लोड घेऊन जाऊ का?

घाटकरी
जा की भावा, वाट कसली बघतोस!

उद्यमनगरचा मेस्त्री
जा, पण माझं समाधान अर्धंच झालंय. भोक बुजलं म्हणून काजळी वाढली हे खरं. पण भोक बुजण्याएवढी काजळी मुळात आली कुठनं? बीएस ६ चं डिझेल १० पीपीएम सल्फरचं आहे, इंजिन तुमचं तसं तरुण आहे. आणि पिकअप घाटातच बसतो हे मला अजून खटकतंय. ईजीआरचा हिशोब चुकला की पिकअप थोडा कमी होईल, पण तुम्ही सांगताय तो मार मोठा आहे.
हवा कमी पडत असेल तर हे सगळं जुळतं. एअर फिल्टर, टर्बोपासून इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा), तिथनं मॅनिफोल्ड, ह्या वाटेवर कुठं लीकेज आहे का बघा. होज पाइप आयडलिंगला गप्प असतो, बूस्ट चढला की तोंड उघडतो. डोळ्यांनी नुसता बघून कळत नाही. पाइपाच्या खालच्या अंगाला, क्लॅम्पजवळ, तेलकट धुळीचा थर दिसतोय का बघा, तिथनं हवा जाती.
खात्री करायची तर टर्बोच्या इनलेटला बूच लावून रेग्युलेटरमधनं हवा भरायची, एक-सव्वा बारच्या वर नको. साबणाचं पाणी मारायचं. बुडबुडा जिथं, दोष तिथं. बूच नीट क्लॅम्प करा आणि समोर उभं राहू नका, उडालं तर दात घेऊन जाईल.
इंजेक्टर गळत असले तरी काजळी वाढती, पण आधी फुकटातलं बघू.

ऑटो_सर
मेस्त्रींना एक जोड. स्कॅनरमध्ये बूस्टचा अपेक्षित आणि प्रत्यक्ष, असे दोन्ही आकडे असतात. लोड घेऊन चढणीला एक माणूस शेजारी बसवून ते दोन्ही रेकॉर्ड करा. सपाटीला जुळतात आणि चढणीला फरक पडत जातो, असं दिसलं तर पाइप किंवा टर्बो. व्हीजीटीची पाती जाम असतील तर बहुतेक वेळा टर्बो अ‍ॅक्च्युएटरचा वेगळा कोड येतो, तुमच्याकडे तो नाही, म्हणून मी पाइपावर पैज लावीन. गाडी चालवणाऱ्यानं स्वतः स्कॅनर बघायचा नाही.

दहाचाकी
सर पैज जिंकली. इंटरकूलरकडनं मॅनिफोल्डला जाणारा होज. वरनं एकदम नवा दिसतो. खालच्या बाजूला क्लॅम्पच्या कडेलाच बोटभर चीर, चेसिसच्या ब्रॅकेटला घासून पडलेली. हवा भरल्यावर सुरुवातीला काहीच नाही, दाब वाढला तसे ओठ उघडल्यागत झाले आणि फुसफुस बुडबुडे. होज बदलला, ब्रॅकेट वाकवून लांब केला, क्लॅम्प नवीन टी-बोल्टवाला घातला.
घाट चढून आलो. चिरा फुल्ल होता, लाईट नाही, पिकअप पूर्वीसारखा. रिजनचं अजून सांगता येणार नाही, दोन-चार फेऱ्या बघावं लागेल.
वर्कशॉपवाल्याला फोन करून सांगितलं तर म्हणतो, ‘व्हॉल्व्ह बदलल्याचाच फरक पडला असंल.’ काय बोलणार?

कागलवाला (ऑटो इलेक्ट्रिशियन)
:) त्याच्याकडनं निदान जुना व्हॉल्व्ह तरी घेऊन आलात. स्पेअर म्हणून ठेवा. परत बसवायची वेळ आली तर मोटरच्या बाजूला क्लीनर मारू नका आणि स्क्रू ड्रायव्हरनं फ्लॅप उचकटू नका, आतले गिअर प्लॅस्टिकचे असतात. कॉस्टिक सोड्यात बुडवणारे बघितलेत, अ‍ॅल्युमिनियमची चाळण होती. बसवल्यावर स्कॅनरमधनं लर्निंग करा. व्हॉल्व्ह बंद म्हणजे नेमका कुठं हे ईसीयूला नव्यानं सांगावं लागतं, नाहीतर चांगला व्हॉल्व्ह पण कोड मारतो.

गोकुळशिरगावकर
धागा लई कामाचा निघाला. त्यातच माझं विचारतो, नवीन धागा काढत नाही. कामगारांची ने-आण करणारी बस, बीएस ४, कूल्ड ईजीआर. कूलंट कमी होतंय. खाली थेंब नाही, रेडिएटर-होज कोरडे, ऑइलमध्ये पाणी नाही. सकाळी स्टार्ट केल्यावर थोडा वेळ पांढरा धूर आणि गोडसर वास. एकानं हेड गॅस्केट सांगितलं, हेड उतरवायला सांगतोय. ड्रायव्हर कमी झालं की बोअरचं पाणी टाकतो.

उद्यमनगरचा मेस्त्री
हेड उतरवायच्या आधी ईजीआर कूलर बघा. आणि ड्रायव्हरला बोअरच्या पाण्यापासनं लांब ठेवा, बहुतेक त्यानंच कूलर खाल्लाय. आपल्याकडचं पाणी क्षाराचं. कूलरच्या नळ्यांवर खर बसली की तेवढा भाग तापतो, आत एक्झॉस्टची आग आणि बाहेर पाणी, सारखं आखडून-प्रसरून नळीला बारीक चीर पडती. गाडी चालू असताना चिरेतनं एक्झॉस्ट कूलंटमध्ये घुसू शकतो, बंद केली की सिस्टीमच्या दाबानं कूलंट इकडं येतं. म्हणून सकाळी धूर.
ईजीआर व्हॉल्व्ह किंवा क्रॉसओव्हर पाइप काढून आत बोट फिरवा. कोरडी काजळी असली तर कूलर सुटला. ओलं, चिकट, कडेला पांढरट दिसलं तर सापडलं. पक्कं करायला रेडिएटरच्या तोंडाला प्रेशर टेस्टर लावा, कॅपवर लिहिलाय तेवढाच दाब, रात्रभर ठेवा. सकाळी काटा खाली आणि पाइपात ओल असली की झालं. कधी कधी चीर गार असताना मिटलेली राहती आणि टेस्ट पास होती. मग कूलर उतरवून, एक तोंड बंद करून, गरम पाण्याच्या टाकीत हवा भरून बघायचा.
हेड गॅस्केट पण असू शकतं, पण ते दुसऱ्या नंबरला.

गोकुळशिरगावकर
उद्याच बघतो. तोवर बस चालवली तर चालंल का? सोमवारी शिफ्ट आहे.

उद्यमनगरचा मेस्त्री
नाही. रात्रभर उभ्या गाडीत कूलंट सिलिंडरमध्ये साठलं आणि सकाळी सेल्फ मारला तर पिस्टन वर येताना पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. कूलरच्या ऐवजी इंजिन बांधायला बसाल. सोमवारसाठी दुसरी बस भाड्यानं घ्या.

गोकुळशिरगावकर
बरं. व्हॉल्व्ह आज संध्याकाळीच काढतो.

दहाचाकी
रिजनचं सांगायचं राहिलं होतं. पहिल्यासारखं लांबलंय, एव्हरेज पण सुधारतोय. डीईएफ मात्र परत जास्त जायला लागलंय, ड्रायव्हर कुरकुर करतोय.

ऑटो_सर
करू द्या. ते तेवढंच जायला हवं होतं.